राखीव खेळाडूचा रोस्टर

मुळशी तालुक्यातील जांबे गावचे एक गृहस्थ परवा आमच्या भेटीला आले. जयभीम केला, पाणी प्याले आणि पिशवीतून पाच-सहा टाइप केलेले कागद काढून टेबलावर ठेवले. त्यांचा मुलगा कबड्डी खेळतो. वय वर्षे तेवीस. जागा डाव्या कव्हरची. प्रो कबड्डी लीगच्या लिलावात शेवटच्या फेरीत एका संघाने त्याला मूळ किमतीला घेतले आहे. संघाचे नाव आम्ही लिहीत नाही, त्याची येथे गरजही नाही. रक्कम नऊ लाख, मुदत एका हंगामाची, स्थान राखीव फळीत.

"साहेब, पोरगं म्हणतंय, आता पोलीस भरतीचा अभ्यास सोडतो, हिंजवडीचं कामबी सोडतो. त्याची आई म्हणती, आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या हातात नऊ लाख आलेत का? मला तर हे इंग्रजी वाचता येत नाही. तुम्ही सांगा, सही करू द्यावी का नको?"

वाचकहो, हा प्रश्न एका घरापुरता नाही. शिवछत्रपती क्रीडा संकुल म्हाळुंगे-बालेवाडीत आहे, जांब्यापासून ते फार लांब नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना तेथेच झाला आणि हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवले. जांबे, नेरे, मारुंजी या पट्ट्यातील पोरे शेतात आखलेल्या मैदानावर खेळून मोठी होतात आणि संध्याकाळी त्या संकुलाच्या दिव्यांकडे पाहतात. त्या दिव्यांखाली जे सात जण उभे असतात त्यांच्यावर वर्तमानपत्रे पानेच्या पाने लिहितात. बाकावर बसलेल्या पाच जणांवर कोणी लिहीत नाही. म्हणून आज आम्ही लिहितो.

आधी त्या शब्दाचे बघू. 'राखीव' हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. कचेरीत, कॉलेजात, वसतिगृहात तो शब्द आपल्या पोरांच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा त्याचा अर्थ असतो, 'लायकी नसताना आत आलेला.' मैदानावर मात्र राखीव म्हणजे लायकी असूनही बाहेर थांबलेला. शब्द एकच. जो तो वापरतो त्याच्या मनाप्रमाणे अर्थ पालटतो. असो.

आता हिशेबाला बसू, कारण भावनेच्या भरात केलेल्या सह्यांनी आपल्या समाजाचे पुष्कळ नुकसान झालेले आहे.

नऊ लाख ही रक्कम कोठून आली? लिलावात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट पाडतात. २०२३ पासूनच्या लिलावांत अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २० लाख, क गटाची १३ लाख आणि ड गटाची ९ लाख राहिली आहे. म्हणजे हा मुलगा ड गटात होता आणि त्याच्यावर दुसरी बोली लागली नाही. रक्कम लहान नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते सोडले तर नऊ लाख म्हणजे त्या शिपायाचे जवळजवळ साडेतीन वर्षांचे मूळ वेतन झाले. त्या आईचे म्हणणे खोटे नाही. पण शिपायाचा पगार पुढच्या वर्षी येतो आणि त्याच्या पुढच्याही वर्षी येतो. या कराराचा पैसा हंगामाबरोबर संपतो. बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबरला संपला. दोन महिन्यांचा खेळ, त्याआधीचे शिबिर, आणि मग पुन्हा लिलावाची वाट. त्या लिलावात नाव पुकारले गेले नाही तर कोणाला जाब विचारायचा? कोणालाच नाही.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांना कोणी सांगितली नव्हती. नऊ लाख म्हणजे हातात नऊ लाख नव्हेत. अशा व्यावसायिक मानधनावर दहा टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे नव्वद हजार. मात्र तो पैसा बुडालेला नसतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. मुलाचे दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून ते नव्वद हजार परत मिळतात. विवरणपत्र भरले नाही तर सरकारजमा. आपल्या किती पोरांनी ते भरले असेल, याचा विचार करून वाईट वाटते.

आता मुख्य प्रश्न. हा पोरगा मॅटवर उतरणार का? याचे उत्तर त्याच्या जागेत आहे.

कबड्डीत सात जणांची साखळी उभी राहते. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला बाकीचे, आणि मधल्या पट्ट्यात कव्हर, ज्याला आपण मराठीत मध्यरक्षक म्हणतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो किंवा कोपऱ्यावर हात मारतो. कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेप घेतो. ही झेप सगळे पाहतात. पण घोटा धरलेला चढाईपटू मध्यरेषेकडे अंग फेकतो तेव्हा त्याची वाट अडवायला, छातीवर धडक द्यायला किंवा कंबर धरून त्याला बाहेर ढकलायला जो येतो, तो कव्हर. तो अर्धा क्षण आधी गेला तर स्वतःच बाद होतो आणि पकडही फसते. अर्धा क्षण उशिरा गेला तर चढाईपटू रेषा ओलांडून गेलेला असतो. आणि पकड साधली की गुण ज्याने पहिली पकड घातली त्याच्या नावावर चढतो. ज्याने माणूस थोपवून धरला त्याच्या नावावर पुष्कळदा काहीच लागत नाही.

हे काम आपल्याला ओळखीचे वाटते ना? गवंड्याचे नाव होते, पाट्या वाहणाऱ्याचे होत नाही. इमारत मात्र दोघांनी बांधलेली असते.

लिलावात बसणारे लोक आकडे पाहतात. चढाईपटूचे गुण दोनशेच्या घरात जातात, ते टीव्हीच्या पडद्यावर झळकतात. कोपरारक्षकाच्या पकडी मोजल्या जातात. कव्हरने किती वेळा वाट बंद केली म्हणून चढाईपटू रिकाम्या हाताने परत गेला, याचा आकडा पडद्यावर येत नाही. ज्याचा आकडा नाही त्याची किंमत मूळ किमतीच्या पुढे सरकत नाही. या मुलाची लायकी कमी म्हणून त्याच्यावर दुसरी बोली लागली नाही, असे आम्ही मानत नाही. त्याचे काम मोजण्याची पट्टीच कोणी तयार केलेली नाही.

याच कामाच्या स्वरूपामुळे राखीव कव्हरला संधीही कमी मिळते. राखीव चढाईपटूचे तसे नाही. मुख्य चढाईपटू थकला, तिसरी निर्णायक चढाई आली, की प्रशिक्षक ताज्या दमाच्या पोराला उतरवतो. एक गुण आणला की त्याचे नाव झाले. कव्हर मात्र कोपरारक्षकाच्या जोडीने घडतो. कोपऱ्याची नजर कधी हलते, तो पाय कधी टाकतो, हे त्याला न बघता कळावे लागते. ही जोडी महिनोन् महिने सरावात बसवलेली असते. ती प्रशिक्षक सामन्याच्या मध्यात मोडत नाही. सामन्याच्या चमूत बारा जण, त्यातले सात आत आणि पाच बाहेर. त्या पाचांत राखीव कव्हरचा नंबर बहुधा दुखापतीनेच लागतो. दुसऱ्याचे हाड मोडले तर याला संधी! कोणत्या पोराने अशी प्रार्थना करावी?

पुण्याच्याच संघाचे उदाहरण घ्या. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार, प्रशिक्षक बी. सी. रमेश. त्या संघाची बचावफळी आठवा. कोपऱ्यावर मोहम्मदरझा शादलू आणि गौरव खत्री, कव्हरला संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. चौघे जणू एकाच दोरीने बांधलेले. त्या दोरीत तिसऱ्या कव्हरने कोठे शिरायचे? तो कितीही चांगला असला तरी बाकावरच बसणार. याचा अर्थ असा की राखीव खेळाडूचे भवितव्य पाहायचे तर आधी त्याच्या पुढे कोण उभे आहे ते पाहावे. पुढचा कव्हर बावीस-तेवीस वर्षांचा असेल आणि संघाने त्याला कायम ठेवलेले असेल, तर मागच्याचा मार्ग दोन-तीन वर्षे बंद समजावा. पुढचा तिशीकडे झुकलेला, गुडघा बांधून खेळणारा असेल, तर मात्र बाकावरची जागा दारातली जागा ठरते.

आम्ही त्या गृहस्थांना हेच विचारले. त्यांच्या मुलाच्या पुढे दोन कव्हर आहेत, दोघेही त्याच्याच वयाचे.

त्यात सामनेही घटले आहेत. अकराव्या हंगामात साखळीत प्रत्येक संघाला बावीस सामने होते, बाराव्यात अठरा झाले. मुख्य खेळाडूला याचा फरक थोडा पडतो. राखीव खेळाडूला सगळा पडतो, कारण गुणतक्त्यात स्थान पक्के झाल्यावर उरणाऱ्या बिनमहत्त्वाच्या सामन्यांतच नव्या पोरांना आजमावले जाते. सामने घटले की ते आधी संपतात.

कोणी म्हणेल, तुम्ही पोराचे पाय मागे ओढता. तसे नाही. अस्लम इनामदार २०२१ च्या हंगामात नवोदित म्हणूनच पलटणमध्ये आला होता आणि तिसऱ्या हंगामात विजेत्या संघाचा कर्णधार झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. मग दुखापतीने त्याची किंमत घसरली, आणि २०२३ मध्ये हरियाणाने पुन्हा एक कोटी दिले. अशी उदाहरणे आहेत आणि ती पोरांनी जरूर पाहावीत. पण सिद्धार्थ चढाईपटू, अस्लमची ओळखही आधी चढाईचीच. राखीव कव्हर एका वर्षात कोटीला गेला, असे उदाहरण आम्हाला कोणी दाखवावे.

पैसा कसा वाटला जातो तेही पाहू. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत पाच कोटी होते. पलटणने शादलूवर एकट्यावर २ कोटी ३५ लाख लावले आणि त्याचे चीजही झाले. संघात किमान अठरा खेळाडू लागतात. साधा भागाकार केला तर उरलेले २ कोटी ६५ लाख सतरा जणांत, म्हणजे सरासरी साडेपंधरा लाख. प्रत्यक्षात सरासरी कोणालाच मिळत नाही. वरच्यांना जास्त जाते आणि तळाचे मूळ किमतीवर थांबतात. त्याच लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. ड गटातल्या नऊ लाखांच्या ते जवळजवळ एकोणतीस पट होतात. पवनच्या गुणवत्तेबद्दल आमची काही तक्रार नाही. पण ज्या भिंतीला पाठ लावून हे सगळे चालते, त्या भिंतीतल्या विटांचा भाव काय, हे तरी माहीत असावे.

पुण्याच्या मैदानावर हा प्रश्न नवा नाही. पळवणकर बाळू हे नाव आपल्या नव्या पिढीने विसरू नये. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करी, महिना तीन रुपये. पुढे पूना क्लबात चार रुपये झाले. काम रोलर ओढण्याचे, जाळी लावण्याचे, आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. ग्रेगसारखा फलंदाज त्याच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. म्हणजे तो काळाच्या भाषेत राखीवच. हिंदूंच्या संघाने त्याला घेतले ते जिंकायला तो हवा होता म्हणून. मैदानात त्याचा हात लागलेला चेंडू सगळ्यांना चालत होता, चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. १९२० मध्ये त्याला संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्याचे भाऊ बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला तो या झगड्यानंतर. याच बाळूने १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहून पराभव पत्करला, हेही आम्ही लपवीत नाही. त्याचे राजकारण आम्हाला मान्य नाही. त्याच्या मनगटाला मात्र आमचा मुजरा आहे. बाळूचा धडा एवढाच की मैदानावरची गुणवत्ता माणसाला संघात नेते, त्याचे संघातले स्थान मात्र कागदावर आणि झगड्यावर ठरते.

आता थोडे दूरचे पाहू. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, ज्यात चेंडू पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जातो. त्यात लाइनमन म्हणून धिप्पाड गडी असतात. ते चेंडूला क्वचितच हात लावतात. समोरच्याला अंगावर घेऊन आपल्या खेळाडूला वाट करून देणे हे त्यांचे काम. म्हणजे ते आपल्या कव्हरचेच दूरचे भाऊबंद, यांच्याही नावावर गुण लागत नाहीत. तेथे संघ सरावाला नव्वद खेळाडू घेतो आणि हंगामाआधी ते त्रेपन्नावर आणतो. राखीव लाइनमनच्या पोटात त्या दिवशी गोळा येतो, जसा आपल्याकडे लिलावाच्या दिवशी येतो. पण फरक पाहा. तेथे खेळाडूंची संघटना १९५६ पासून आहे. ती मालकांशी सामूहिक करार करते. त्या करारानुसार २०२५ च्या हंगामात अगदी नवख्या खेळाडूचेही किमान वेतन आठ लाख चाळीस हजार डॉलर ठरले होते. जखमींची वेगळी यादी असते आणि त्या यादीत गेलेल्याचा पगार थांबत नाही. काही करारांत तो कमी दराने मिळतो, पण मिळतो. डॉलरचे रुपये करून डोळे पांढरे करून घेण्याची गरज नाही, त्यांची तिजोरी वेगळी. किमान वेतन ठरवताना टेबलाच्या अलीकडे खेळाडू बसला होता, हे आपण घ्यावे.

आणि एक गंमत. त्याच अमेरिकन लीगमध्ये १९३६ पासून जो संघ शेवटचा येतो त्याला नवे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क मिळतो. श्रीमंत संघाने सगळे विकत घेऊ नयेत म्हणून खर्चावर मर्यादा आहे. आपल्या प्रो कबड्डीतही थैलीची मर्यादा आहे, मूळ किंमत आहे. मागे पडलेल्याला हात आणि पुढे गेलेल्याला लगाम. हे संघांसाठी केले की त्याला स्पर्धेतला समतोल म्हणतात, आणि माणसांसाठी मागितले की गुणवत्तेचा खून म्हणतात! खेळाच्या मालकांना जे अर्थशास्त्र कळते ते अग्रलेख लिहिणाऱ्या काही पंडितांना अजून कळलेले नाही.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ चा संप औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध केला, १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगाराने एकट्याने मालकासमोर उभे राहू नये, हे त्यांनी आपल्याला कधीच शिकवले आहे. कबड्डीपटू हाही अंगमेहनत विकणारा कामगारच आहे. तेव्हा खेळाडूंनी एकत्र येऊन मूळ किंमत, दुखापत आणि हप्ते या तीन गोष्टींवर लीगशी बोलणी करावीत, ही आमची जाहीर मागणी आहे.

ते होईल तेव्हा होईल. समोर कागद होते. आम्ही ते ओळीने वाचले आणि मराठीत सांगितले. रक्कम तीन हप्त्यांत आहे, शेवटचा हप्ता हंगाम संपल्यावर. तंदुरुस्ती चाचणीत बसला नाही तर संघाला करार संपवता येतो. सरावात दुखापत झाली तर उपचार संघ करील असे लिहिले आहे, पण किती दिवस आणि किती खर्चापर्यंत ते लिहिलेले नाही. उपचार चालू असताना उरलेले हप्ते मिळतील की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. राखीव कव्हरला सामन्यापेक्षा सरावात जास्त मार बसतो. रोज मुख्य चढाईपटूंच्या अंगावर त्यालाच सोडतात. म्हणजे ज्याला धोका जास्त त्याच्याच करारात धोक्याचे कलम अर्धे! खांदा निखळलेला पोरगा पोलीस भरतीत गोळाफेक कशी करणार, हा विचार करार लिहिणाऱ्याने केलेला नाही. तो आपण करायचा.

आणि म्हणूनच दुसऱ्या रोस्टरकडे वळतो. खेळाच्या भाषेत रोस्टर म्हणजे संघाची यादी. आपल्या लोकांना रोस्टर म्हटले की बिंदुनामावली आठवते. या मुलाच्या आयुष्यात दोन्ही रोस्टर आहेत, आणि कायमचे नाव दुसऱ्याच रोस्टरवर लागते.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. ३० एप्रिल २००५ चा शासन निर्णय त्याचा आधार, १ जुलै २०१६ ला त्याचे निकष सुधारले. ते मिळते मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. खासगी लीगचा करार त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. म्हणजे टीव्हीवर दोन महिने बाकावर बसलेला मुलगा त्या पाच टक्क्यांसाठी शून्य, आणि राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळून पदक आणणारा पात्र. लीगच्या नादात जिल्हा आणि राज्याच्या स्पर्धा सोडणाऱ्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांमुळे पडताळणी कडक झाली आहे, तेव्हा प्रत्येक स्पर्धेचा मूळ कागद जपून ठेवावा.

आणखी एक. समांतर आरक्षणातली खुल्या गटाची जागा ही खुल्या जातींची जागीर नव्हे. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले की खुला प्रवर्ग सर्वांना खुला आहे आणि मागासवर्गीय उमेदवार गुणांवर त्यातल्या समांतर जागेवर हक्क सांगू शकतो. ते प्रकरण महिलांच्या जागांचे होते, तत्त्व खेळाडूंनाही लागू पडते. भरतीच्या रांगेत कोणी 'तुमची जागा तिकडे' असे सांगू लागले तर हा निकाल दाखवावा.

वयही पाहावे. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षांची मर्यादा आहे. मुलगा तेवीस वर्षांचा, त्याच्या हातात वेळ आहे. मात्र जागा आटत चालल्या आहेत. एकेकाळी एअर इंडिया, देना बँक यांचे कबड्डी संघ होते आणि खेळाच्या जोरावर पोरांना तेथे नोकऱ्या लागत. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी विलीन झाली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. सरकारी उद्योग विकला जातो तेव्हा सामाजिक आरक्षण जाते हे आपण ओरडून सांगतो. खेळाडूची जागाही त्याच दारातून जाते, हे कबड्डीवाल्यांनी अजून ओरडून सांगितलेले नाही.

तेव्हा आमचे मत आम्ही त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले. सही करावी, पण एका हंगामाची मजुरी म्हणून करावी. या संघात दोन तरुण कव्हर पुढे असताना यंदा त्याला चार-पाच सामन्यांपेक्षा जास्त मिळेल असे आम्हाला वाटत नाही, आणि पुढच्या वर्षी संघ त्याला कायम ठेवील याची आशा त्याहून कमी. सराव मात्र देशातल्या उत्तम चढाईपटूंसमोर होईल, त्याचे मोल नऊ लाखांपेक्षा जास्त आहे. ते राज्याच्या संघात उतरताना कामाला येईल. शिबिर सुटले की राज्य स्पर्धेला हजर राहायचे. हिंजवडीचे ठेकेदारीतले काम गेले तर जाऊ द्या, तसले काम पुन्हा मिळते. पुस्तके मात्र बॅगेत जातील. पैशातून आधी घराचे कर्ज फेडा, नवी मोटारसायकल पुढच्या वर्षी बघू. आणि सही करण्याआधी दुखापतीचे कलम पुरे करून मागा. संघ नाही म्हणाला तर नाही म्हणाल्याचे तरी लेखी राहील.

"पोरगं ऐकंल का?" ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत, तर तेही ऐकेल," आम्ही म्हणालो. ते हसले, पण फारसे नाही.

त्यांची पुतणी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुखापतीच्या कलमात काय जोडायचे त्याच्या चार ओळी आम्ही मराठीत लिहून दिल्या, ती त्या इंग्रजीत करून संघाच्या व्यवस्थापकाला पाठवणार आहे. सही सोमवारपर्यंत द्यायची आहे. उत्तर आले की फोन करतो म्हणाले, कागद पुन्हा पिशवीत घातले आणि हिंजवडीची बस गाठायला निघाले.